सोमवारी काढलेला शुक्रवार

कुंदाबाई,

तुमच्यावर पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चार पानी, दोन रंगांत, पहिल्या पानावर तुमचा फोटो. मथळा संघटनेच्या नौपाड्याच्या ऑफिसात आधीच ठरलाय : ‘नोटिशीने घेतला सेविकेचा जीव’. सकाळपासून मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. थकलेय, बाई. रडून नाही, रडायला अजून जमलेलंच नाही. तो मथळा खोटा आहे आणि तो किती खोटा आहे हे मलाच सगळ्यांत जास्त माहीत आहे, त्यानं थकलेय.

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. तुमचं गाव कुठलं, शिक्षण किती, नोकरीला कधी लागलात, हे सगळं ऑफिसच्या फळ्यावर लागलंय. ज्याला पाहिजे त्यानं तिथं वाचावं. मला बोलायचंय ते वेगळं आहे. ते तुम्ही समोर असताना बोलायचं होतं. आठ महिने नुसतं तोंडात धरून ठेवलं.

तर आधी तेच सांगते, नाहीतर परत राहील. तुम्हाला नोटीस आली ती मालतीताईंमुळे नाही. ती माझ्यामुळे आली. तुम्ही वीस वर्षांच्या मैत्रिणीशी बोलणं टाकलंत आणि मी शेजारी उभी राहून बघत होते.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती सर्वेचे कागद घेऊन. कल्याण पूर्वेची ती चाळ, चाळीच्या टोकाची अंगणवाडीची खोली, दाराशी पाण्याचं पिंप, आत पंचवीस मुलं. मी सेविकांच्या संघटनेत नवीन होते. इतकी नवीन की उभ्याउभ्याच विचारलं, “ताई, तुमच्या प्रमुख समस्या कोणत्या?”

“सध्या तूच,” तुम्ही म्हणालात. “गोलाच्या मधोमध उभी आहेस. खाली बस, नाहीतर बाहेर थांब.”

मी बसले. सोमवारी गोलात बसलेल्या प्रत्येकानं एक बातमी सांगायची, हा तुमचा कायदा. एका मुलानं सांगितलं, “आमच्याकडे पाहुणे आलेत आणि ते जातच नाहीत.” दुसरी म्हणाली, “आजीचे दात कपाटावर असतात.” माझी पाळी आली. मी म्हणाले, “मी डोंबिवलीहून आले.” समोरची दोन वेण्यांची पोरगी मान हलवत म्हणाली, “ही बातमी नाहीये.” सगळा गोल हसला. तुम्ही हसला नाहीत. “बरोबर बोलतेय ती. पुढच्या सोमवारी नीट बातमी घेऊन ये.”

मी आले. मग येतच राहिले. ऑफिसात सांगायचे, सेविकांच्या कामाचा अभ्यास चाललाय. तुम्हाला सांगायचे, इथून जवळच काम होतं. तुम्ही दोन्ही थापा ऐकून घेतल्यात आणि माझ्या हातात झाकणांचा डबा दिलात.

झाकणं मंगळवारी. पाण्याच्या, तेलाच्या, औषधांच्या बाटल्यांची. मुलांना शंभरपर्यंत पाठ म्हणायला लावायचं तुम्हाला पटायचं नाही. मूल खोलीच्या एका कोपऱ्यातून “तीन” ऐकून दुसऱ्या कोपऱ्यातून तीनच झाकणं घेऊन येतं का, वाटेत कुणी ढकललं तरी तीनच राहतात का, हे तुम्ही बघायचात. “आकडा तोंडात काय, पोपटाच्याही येतो. हातात आला पाहिजे.” बुधवारी भाजी. घरी जे काही चिरलं जात असेल त्याचा एक तुकडा, एक पान, देठसुद्धा चालेल. डोळे मिटून वास घ्यायचा आणि ओळखायचं. एकदा एका मुलाच्या घरी काहीच चिरलं गेलं नव्हतं. तो मुठीत लसणाची सालं घेऊन आला आणि मूठ उघडेना. तुम्ही त्याची मूठ नाकाशी नेलीत, म्हणालात, “अरे, ही तर सगळ्या भाज्यांची आई!” मग ती सालं हवेत उडवायचा खेळ झाला आणि बाकीच्यांच्या दुधीकडे कुणी बघेना. मी हे वहीत लिहून घेतलं. खाली लिहिलं : ‘कुपोषण – उदाहरण’. तुम्ही वही वाचलीत आणि परत देताना म्हणालात, “तुझ्या उदाहरणाचं नाव ओंकार आहे.”

अशा तुम्ही. माझं प्रत्येक वाक्य तुम्ही असंच जमिनीवर आणायचात आणि मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

गुरुवारच्या गोष्टीवरून आपलं पहिलं भांडण झालं. मी लागोपाठ तीन गुरुवार आले आणि तीनही वेळा तीच गोष्ट. मी म्हणाले, “बाई, मुलं कंटाळतील. दर आठवड्याला नवीन गोष्ट हा त्यांचा हक्क आहे.” तुम्ही म्हणालात, “हक्क वगैरे राहू दे. पहिल्या गुरुवारी ती ऐकतात. दुसऱ्या गुरुवारी माझ्या चुका काढतात. तिसऱ्या गुरुवारी मला बोलूच देत नाहीत. चौथ्या गुरुवारी ये.” चौथ्या गुरुवारी तुम्ही भिंतीला टेकून बसलात, शब्द नाही बोललात, आणि पंचवीस मुलांनी ती गोष्ट आपापसात भांडत शेवटापर्यंत नेली. म्हणून तर ठाण्याच्या मोर्च्याला तुम्ही आला नाहीत. आम्ही तो गुरुवारी ठेवला होता. “चौथा गुरुवार आहे,” एवढंच कारण. मी फोनवर तुम्हाला काय काय बोलले. तुमच्यासारख्यांमुळेच सेविकांचं कुणी ऐकत नाही, असंही बोलले. “बरं,” तुम्ही म्हणालात, “पुढचा मोर्चा मंगळवारी ठेवा. झाकणं सकूमावशी सांभाळते.”

सकूमावशी, तुमची मदतनीस. तिथल्याच जुन्या वस्तीतली, तिच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथं आता टॉवर आहे. खिचडी ढवळता ढवळता ती मला म्हणायची, “गो बाय, तुमचा मोर्चा पोरांना कळंल असा कर कवातरी.”

शुक्रवारी माती. गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू मालतीताई आणायच्या, निम्मी तुमच्याकडे, निम्मी मागच्या गल्लीतल्या त्यांच्या अंगणवाडीत. मुलं गेली की दोघी एकाच डब्यातून जेवायचात. शनिवारी आवराआवर, मुलांनी झाकणं धुवायची, चटईची गुंडाळी करायची.

आणि हे सगळं भिंतीवर होतं. तुम्ही ऑइलपेंटनं काढलेलं ते झाड. एकाच झाडाला वांगी, भेंड्या, दुधी, मिरच्या. सहा फांद्या, सहा वार. आज जो वार त्या फांदीला कपड्यांचा चिमटा. मी म्हणाले होते, “बाई, असं झाड नसतं.” तुम्ही म्हणालात, “मुलांना माहितीये. तुलाच धक्का बसला.”

त्या झाडानंच घात केला. झाडानं कसला, मी केला.

रोज अकराच्या आत त्या दिवसाच्या उपक्रमाचा फोटो पर्यवेक्षिकाबाईंच्या ग्रुपवर गेला पाहिजे, असा नियम आला. नियम कुणी केला विचारा, कुणाला माहीत नसतं, नियम नेहमी वरून येतो. तुमचा फोन तापायचा, अडकायचा. गोष्ट रंगात आली की तुम्हाला फोन काढावा लागायचा, आणि फोन निघाला की मुलं गोष्ट टाकून दात दाखवत बसायची. एका गुरुवारी असं तीनदा झालं. गोष्ट मेलीच. पुढच्या सोमवारी तुम्ही तोडगा काढलात.

तो तोडगा मी डोळ्यांनी बघितला. मुलं रविवारची आंघोळ करून स्वच्छ आलेली. तुम्ही टाळी वाजवून म्हणालात, “आज मंगळवार!” पोरांनी झाकणं ओतली. फोटो. “आज बुधवार!” मुलं जागा बदलून भाज्यांभोवती. फोटो. “गुरुवार!” मांडी घालून, तोंडाचा आ करून. “शुक्रवार!” बाह्या वर, हात मातीत. मधे कुणी स्वेटर घालायचं, कुणी शेजारणीची टोपी, म्हणजे दिवस वेगळा दिसावा. अर्ध्या तासात अख्खा आठवडा झाला. फोन कपाटात गेला तो पुढच्या सोमवारपर्यंत. रोज सकूमावशी त्यातला एकेक फोटो तेवढा पाठवायची. आणि पाचही दिवस तुम्ही शांतपणे, खरंखरं शिकवायचात.

मुलांना तो खेळ इतका आवडला की त्याचं नावच पडलं, आठवडा-आठवडा. चार वर्षांची पोरं वार सांगायला लागली, उलटे सांगायला लागली. एका आईनं येऊन विचारलं, “बाई, आमचा म्हणतो, आज सोमवारी शुक्रवार झाला. असं काय शिकवता?” तुम्ही तिला बसवून सगळं सांगितलंत. काही लपवलं नाहीत.

मालतीताईंना मात्र ते आवडलं नव्हतं. मी होते तेव्हा. डब्यावर त्या म्हणाल्या, “कुंदे, हे अंगाशी येईल हं. कुणीतरी बोलेल.” तुम्ही म्हणालात, “कोण बोलणार? तू?” त्या म्हणाल्या, “मी कशाला बोलू? पण तू सगळ्यांना गोत्यात आणशील एक दिवस.” तुम्ही डबा बंद केलात. एवढंच झालं. मैत्रिणींमध्ये होतं तेवढंच.

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहायला बसले. आमच्याकडे पत्रक लिहायचं शिकवतात, बाई. ‘सेविकांवर अन्याय होतो’ असं लिहायचं नाही. तो अन्याय कुठल्या भिंतीला टेकून बसलाय ते लिहायचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहिलं पाहिजे. मी ते चांगलं शिकलेय. मी लिहिलं : ‘कल्याणमधल्या एका अंगणवाडीत, भाज्यांच्या झाडाखाली, सेविकेला सोमवारीच सहा दिवसांचे फोटो काढून ठेवावे लागतात. हा यांचा डिजिटल कारभार!’ तुमचं नाव टाकलं नव्हतं. नाव टाकलं नाही याचा मला अभिमानच होता. ऑफिसात संघटना चालवणाऱ्या सरांनी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. “झाडाखाली! वा!” म्हणाले.

भाज्यांचं झाड ठाणे जिल्ह्यात एकच होतं. ते रोज ग्रुपवर जात होतं, फोटोत, मुलांच्या पाठीमागे. हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकं नीट बघायला शिकले आणि आपण काय दाखवतोय एवढंच बघितलं नाही.

नवरात्रात आम्ही ती पत्रकं टेंभी नाक्यावर वाटली. देवीच्या रांगेत लोक ताटकळलेले असतात, हातात द्याल ते घेतात. पुष्कळांनी त्यात प्रसाद बांधला. मला संताप आला होता, कुणी वाचतच नाही म्हणून. एका बाईंनी वाचलं.

दिवाळीनंतर नोटीस आली. ‘उपक्रमांची छायाचित्रे एकाच दिवशी काढून दररोज पाठवीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ निदर्शनास आले. कुणाच्या, कसं, काही नाही. तुम्ही मला फोन केलात. मी बाह्या सरसावूनच आले. मला खरंच कळलं नव्हतं अजून.

कळलं ते पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलापाशी. तुम्ही खुर्ची पुढे ओढत होतात. टेबलावर काच होती आणि काचेखाली आमचं पत्रक, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, आणि माझ्या ओळीखाली लाल रेघ. तुम्ही चष्मा अजून पर्समध्येच शोधत होतात. मी माझी कापडी पिशवी त्या काचेवर ठेवली.

विचार करून नाही ठेवली. पण ठेवल्यावर काढलीही नाही. वीस मिनिटं ती तिथं होती. पर्यवेक्षिकाबाईंनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या, तोच तर त्रास. “कुंदाताई, मला कुठून कळलं ते सोडा,” म्हणाल्या, “मला वरून विचारलं तर मी काय सांगू, ते सांगा.”

जिना उतरताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबलात. “मालती,” म्हणालात. एकच शब्द. मग, “दुसरं कोण बोलणार?”

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. जिन्यावर कुणी नव्हतं. दहा शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, “बाई, उसाचा रस घेऊ या का?” तुम्हाला साखर आहे, हेही विसरले. तुम्ही म्हणालात, “तू घे. मी उभी राहते.” आणि मी प्यायले. बर्फ टाकून. तुम्ही शेजारी पदरानं मान पुसत उभ्या.

दर वेळी नवीन पत्रकाच्या दहा प्रती तुम्हाला द्यायचे. त्या वेळच्या दहा प्रती द्यायच्या राहून गेल्या होत्या, त्या माझ्या घरी कपड्यांच्या कपाटात आहेत, अजून.

मग मी काय केलं तर खुलासा लिहिला. चार पानं. कायद्याची कलमं, फोनची अवस्था, शासनाची बेपर्वाई, सगळं. अपराध लपवायला माणूस किती मेहनत घेतो. तुम्ही तो सकूमावशीच्या चुलीशेजारी बसून पूर्ण वाचलात आणि विचारलंत, “ह्यात मुलं कुठायत?”

“बाई, हा कायदेशीर कागद आहे.”

“असू दे. पण मुलं कुठायत?”

तुम्ही स्वतःच लिहिलंत. पाच ओळी. फोटो एका दिवशी काढले, ही माझी चूक. शिकवणं रोज झालं. कुठल्याही दिवशी न सांगता यावं आणि बघावं. मी भडकले. चूक कबूल केलीत म्हणजे सगळ्या सेविकांची चूक कबूल केलीत, म्हणाले. तुम्ही घाबरलात, म्हणाले. मी! मी तुम्हाला घाबरट म्हणाले, पिशवीवाली.

तुम्ही कागदाची घडी घालत म्हणालात, “फोटो खोटे होते की नव्हते?”

“नियम चुकीचा आहे!”

“नियम चुकीचाच आहे. फोटो खोटे होते की नव्हते?”

हे भांडण अर्धंच राहिलं. मी तावातावानं निघून आले. आज त्याचं उत्तर देते. होते, बाई. नियम चुकीचा होता आणि फोटो खोटे होते, आणि त्यातलं एक खरं असलं म्हणून दुसरं पुसत नाही. तसंच नियम चुकीचा होता म्हणून माझी ओळ बरोबर ठरत नाही.

पर्यवेक्षिकाबाई खरंच आल्या, न सांगता, एका चौथ्या गुरुवारी. तासभर खाली बसल्या. मुलांनी गोष्ट सांगितली, त्यांना मधे बोलू दिलं नाही. जाताना त्यांनी फाइलवर ‘समज देण्यात आली’ असं लिहिलं आणि प्रकरण तिथं मिटलं. थंडीच्या दिवसांतच मिटलं. त्यानंतर तुम्ही रोजचा फोटो रोज काढलात, कपाळाला आठ्या घालून. आठवडा-आठवडा मात्र सोमवारी चालूच राहिलं, फोनशिवाय, कारण पोरं सोडेनात.

म्हणून म्हणते, मथळा खोटा आहे. तुम्ही नोटिशीनं गेला नाहीत. तुम्हाला साखर होती, बीपी होतं, गोळ्या तुम्ही सोमवार ते शनिवार विसरायचात आणि रविवारी सुनेची बोलणी खायचात. त्या रविवारी सकाळी टिटवाळ्याला तुमच्या घरी चहा यायच्या आत तुम्ही गेलात. त्यात कुणाचा कट नव्हता. तुमच्या मरणावर आम्ही आमचं लेबल चिकटवावं, एवढी आमची पत नाही.

जे मिटलं नाही ते वेगळंच होतं. मालतीताईंचा रस्ता तुम्ही टाळायला लागलात. त्या दिसल्या की तुम्ही दुसऱ्या गल्लीनं जायचात. शाडू आणायला सकूमावशी एकटी जायला लागली. डबे दोन झाले. चाळीतल्या बायकांना कारण कळलं, मग सगळ्या सेविकांना कळलं, महिन्याच्या मीटिंगला मालतीताईंच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. मी त्या मीटिंगांना होते. त्या खुर्च्या मी बघत होते आणि उभं राहून कामगार एकजुटीवर बोलत होते.

सांगायचा प्रयत्न केला का? केला, असं म्हणण्याइतपत केला. एका शनिवारी झाकणं धुता धुता म्हणाले, “बाई, ते मागचं पत्रक होतं ना...” तुम्ही म्हणालात, “पत्रकं नंतर. आधी ही चटई धर.” मी चटई धरली. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढचा शनिवार होताच, त्याच्या पुढचाही होता. तुमच्याकडे प्रत्येक वार परत यायचा, त्याची मला सवय लागली होती.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकूमावशीनं खोली उघडली. मुलं गोलात बसली. तिनं बातम्या विचारल्या. एकजण म्हणाला, “बाई वारल्या.” शेजारची म्हणाली, “आमच्या मांजरीला पिल्लं झाली.” मावशी मला सांगत होती, “मला कळंना, कुनाला काय बोलू. मंग मी इचारला, किती पिल्लं?” चार. चौघांचे रंग विचारता विचारता खिचडीची वेळ झाली.

आज दुपारी मी मालतीताईंकडे गेले. मुलं गेलेली, त्या वजनांचं रजिस्टर भरत होत्या. “बस,” म्हणाल्या. “काय काम?”

“मालतीताई, कुंदाबाईंची नोटीस माझ्यामुळे आली. पत्रकात मी लिहिलेलं. तुम्ही काही बोलला नव्हतात, मला माहितीये.”

त्यांनी एक वजन लिहिलं. अजून एक लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, “तुला कधीपासून माहितीये?”

“नोटीस आली त्या आठवड्यापासून.”

त्यांनी पेनला टोपण लावलं. “मी टिटवाळ्याला गेलेले, ती गेली त्या दिवशी. सून दारातच उभी. ये पण म्हणाली नाही. तिच्या नवऱ्याला ह्या कडेवर खेळवलाय मी. चपलापण काढल्या नाहीत, तशीच परत आले.”

“मालतीताई, मला माफ...”

“ते नको. ते तुझ्याजवळच ठेव.” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “आठ महिने मी रोज आठवायचे, माझ्या तोंडून कुठं निघालं असेल. बाजारात कुणाजवळ बोलले का, बहिणीजवळ बोलले का. शेवटी मला खरंच वाटायला लागलेलं, बोलले असेन. कुंदा उगाच म्हणणार नाही. माझंच मला खरं वाटंना, समजतंय तुला?”

 

“मला सांगून तू मोकळी झालीस,” त्या म्हणाल्या. “मी नाही झाले. शनिवारी शोकसभा आहे. सगळ्या येतील, सूनपण येईल. तिथं वाच. लिहून आण आणि वाच.”

“सरांनी पत्रक काढायला सांगितलंय, त्यात...”

“तुझे सर गेले खड्ड्यात. आणि हे बघ, वाचताना रडू नको. रडलीस की सगळ्या तुलाच पाणी द्यायला धावतील.”

संध्याकाळी सरांना फोन केला. म्हणाले, आंदोलनाला एक चेहरा लागतो, तू भावनेच्या भरात आहेस, दोन दिवस विचार कर. मी म्हणाले, आठ महिने केलाय. चार पानी पत्रक मी लिहीत नाही. फोटोचा नियम रद्द करा, यावर पाहिजे तेवढी पत्रकं लिहीन, आजही लिहीन, माझ्या नावानं लिहीन. कुंदाबाईंना बळी म्हणून लिहिणार नाही. त्यांनी फोन ठेवला. पुढे काय होईल ते होईल, आज त्याची चिंता करायचं त्राण नाही.

तर बाई, हे पत्रक नाही, हे शनिवारी मी मोठ्यानं वाचणार आहे. जसंच्या तसं. पिशवी, रस, चटई, काही गाळणार नाही. तुमच्या सुनेकडे बघून वाचेन. तुम्ही असता तर वाचू दिलं असतंत का, माहीत नाही. कदाचित विचारलं असतंत, ह्यात मालती कुठाय. आहे बाई, या वेळी आहे.

तुम्ही मला काय म्हणाला असता, याचा अंदाज बांधायचा मी बंद केलाय. तुम्हाला मनातल्या मनात समजूतदार करून स्वतःची सुटका करून घेणं, तेही एक प्रकारचं खोटंच. तुम्ही रागावला असता. खूप रागावला असता, आणि कदाचित दारातूनच परत पाठवलं असतंत. तो राग आठ महिने दुसऱ्याच बाईनं सोसला, काही न करता. शनिवारी वाचून झालं की मी मालतीताईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसेन. सगळ्या उठून गेल्या तरी बसेन. तुमचा राग आता मला द्या, कुंदाबाई. तो माझा आहे.